पुण्यात नव्याने आलात? आधी पाळणाघर, मग शाळा

बदली होऊन किंवा नोकरी बदलून पुण्यात येणारी कुटुंबं बहुतेक एकाच क्रमाने फसतात. आधी ऑफिसच्या अंतराने फ्लॅट, मग कुणाच्या तरी तोंडून नाव ऐकलेली शाळा, आणि जूनमध्ये शाळा सुरू झाली की प्रश्न: दुपारी सुटलेलं मूल संध्याकाळी सातपर्यंत कुठे ठेवायचं? तोवर शाळेची फी भरून झालेली असते आणि जवळच्या चांगल्या पाळणाघरातल्या जागा केव्हाच संपलेल्या असतात.

शाळा पाच-सहा तासांची असते. आईवडिलांचा दिवस, हिंजवडी किंवा खराडीचा प्रवास धरला तर, दहा-अकरा तासांचा. मधले पाच तास कोण सांभाळणार हे ज्याचं ठरलं त्याचं शाळेचं निम्मं काम झालं. म्हणून क्रम असा धरा: घर, घरापासून चालत जाता येईल असं पाळणाघर, त्या पाळणाघराकडे ज्यांची व्हॅन येते अशा शाळा, आणि त्यातून आपली शाळा. दहा वर्षांच्या मुलाला हा क्रम लागू नाही. पण सात-आठ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी याला पर्याय नाही.

आधी मुलाचा दिवस कागदावर मांडा

सकाळी उठण्यापासून रात्री जेवणापर्यंत मूल कोणत्या वेळी कुणाजवळ असेल ते अर्ध्या अर्ध्या तासाने लिहा. जिथे नाव लिहिता येत नाही तिथे तुमची खरी अडचण आहे. बहुतेकांची रिकामी जागा दोन ठिकाणी निघते: सकाळी ऑफिसला निघण्यापासून शाळा भरेपर्यंत, आणि शाळा सुटल्यापासून घरी परतेपर्यंत.

सकाळची फट अलीकडे वाढली आहे. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढला. मुलांच्या झोपेसाठी ते बरंच आहे. पण साडेआठची कंपनीची बस पकडणाऱ्या आईवडिलांना आता सकाळचा एक तासही कुणाकडून तरी निभावून घ्यावा लागतो. एकाच इमारतीत दोन अधिवेशनं चालवणाऱ्या शाळा तर छोट्यांना दुपारचीही वेळ देतात. म्हणून शाळेत चौकशी करताना फीच्या आधी वेळ विचारा, आणि ही वेळ पुढच्या वर्षी, पुढच्या इयत्तेत बदलते का तेही विचारा. पहिलीला दुपारची असलेली शाळा पाचवीला सकाळची झाली की सगळी घडी पुन्हा बसवावी लागते.

अंतर रविवारी मोजू नका. सोमवारी, शाळेच्या वेळेला, पावसाळ्यात जमलं तर फारच उत्तम, स्वतः गाडी नेऊन बघा. नकाशावर चार किलोमीटर दिसणारा वाकडचा किंवा नगर रस्त्याचा टप्पा त्या वेळी पाऊण तास खातो.

पाळणाघर कसं निवडायचं

पुण्यात तीन तऱ्हा आहेत. पहिलं घरगुती पाळणाघर: कोथरूड, सहकारनगर, सिंहगड रस्ता, चिंचवड अशा जुन्या वस्त्यांत एखाद्या काकू तळमजल्यावरच्या आपल्याच घरात आठ-दहा मुलं सांभाळतात. दुसरं व्यावसायिक डे-केअर, बहुतेक वेळा नर्सरीला जोडलेलं, सीसीटीव्ही, ठरलेला आहार, छापील नियम. तिसरं कंपनीचं. पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करायची आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायचं, अशी तरतूद मातृत्व लाभ कायद्यात २०१७ च्या दुरुस्तीने आली. रुजू होतानाच एचआरला लेखी विचारा: पाळणाघर कुठे आहे, कोणत्या वयापर्यंत घेतात, खर्च कोण करतं, वडील नोकरीला असतील तर सोय मिळते का. बऱ्याच कंपन्या जवळच्या डे-केअरशी करार करतात आणि कर्मचाऱ्याला ते माहीतच नसतं.

घरगुती आणि व्यावसायिक यांत कोणतं चांगलं, याचं सरसकट उत्तर नाही. दीड वर्षाखालच्या बाळासाठी आमचं मत घरगुतीकडे झुकतं, कारण तिथे माणूस बदलत नाही. रोज तोच आवाज, तीच मांडी. अडचण एकच, पण मोठी: काकू आजारी पडल्या किंवा त्यांच्या घरी लग्न निघालं की पाळणाघर बंद. तिथे नाव घालताना दुसरी सोय हाताशी ठेवावीच लागते. व्यावसायिक ठिकाणी बंद राहण्याचा प्रश्न कमी, पण सांभाळणाऱ्या ताया दर काही महिन्यांनी बदलतात. तिथे विचारायचा प्रश्न हा: इथली सगळ्यात जुनी ताई किती वर्षांपासून आहे? उत्तर द्यायला वेळ लागला तर समजून घ्या.

बघायला जाताना सकाळी अकराला जाऊ नका. त्या वेळी सगळीकडे गाणी चाललेली असतात. दोनदा जा: एकदा दुपारी दीड ते दोनच्या दरम्यान, एकदा संध्याकाळी साडेसहाला. दुपारी जेवणं उरकून मुलं झोपवण्याची घाई असते. तेव्हा कळतं की बायका किती, मुलं किती, आणि न झोपणाऱ्या मुलाचं काय होतं. त्याला टीव्हीसमोर बसवतात, रागावतात, की कोपऱ्यात ठोकळे देऊन बसवतात? संध्याकाळी कळतं की शेवटच्या दोन मुलांजवळ कोण थांबतं.

नजर नेमकी कुठे टाकायची तेही सांगतो. चादरी बघा: प्रत्येकीवर नाव आहे, की जी हाताला येईल ती अंथरली जाते? खरूज, उवा आणि सर्दी याच वाटेने फिरतात. न्हाणीघराची कडी आतून मुलाच्या हाताला येते का, आली तर बाहेरून उघडता येते का? भरलेली बादली जमिनीवर उभी आहे का? रांगणाऱ्या मुलाला बुडायला वीतभर पाणीही पुरतं. गॅसच्या ओट्यापर्यंत मूल पोचू शकतं का? खिडकीला जाळी असून खाली चढायला दिवाण लावलेला आहे का? घरगुती पाळणाघर असेल तर त्या घरात दिवसभर आणखी कोण असतं, येतं-जातं, हे संकोच न करता विचारा. नीट चालवणाऱ्या काकूंना या प्रश्नाचा राग येत नाही. डे-केअर असेल तर कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी झाली आहे का आणि सीसीटीव्हीचं चित्रीकरण किती दिवस ठेवतात ते विचारा. पालकांना मोबाइलवर थेट चित्र दिसतं ही सोय ऐकायला छान. पण तेच चित्र इतर चाळीस पालकांनाही दिसतं, याचा विचार करून ठेवा.

माणसांचं प्रमाण: दीड वर्षाखालच्या तीन-चार बाळांमागे एक बाई, चालत्या-बोलत्या मुलांत सात-आठांमागे एक. याहून जास्त मुलं असतील तर ती सांभाळली जात नाहीत, राखली जातात.

पैशांचं बोलणं महिन्याच्या आकड्यावर थांबवू नका. प्रवेश फी परत मिळत नाही, अनामत मिळते. पाळणाघर सोडताना किती दिवस आधी कळवल्यावर ती मिळते ते लेखी घ्या. उशीर झाल्यास अर्ध्या तासाला किती? शनिवारी सुरू असतं का, की त्याचे वेगळे? मे महिन्यात मूल आजोळी गेलं तर पूर्ण पैसे की निम्मे जागाभाडं? आणि शाळेच्या सुट्टीच्या दिवशी पूर्ण दिवस ठेवायचे जादा लागतात का? हे शेवटचं कुणी विचारत नाही आणि दिवाळीच्या सुट्टीत भांडण इथेच होतं.

बाळ रुळवायचे दहा दिवस

रुजू व्हायच्या तारखेच्या आधी कामाचे दहा दिवस हातात ठेवा. पहिले दोन दिवस आईने किंवा बाबांनी तासभर बाळासोबत तिथे बसायचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तासभर एकटं. मग दोन दिवस जेवणापर्यंत, पुढचे दोन झोपेपर्यंत, शेवटचे दोन पूर्ण दिवस. निघताना चोरून पळू नका. मूल खेळात रमलं म्हणून गुपचूप निघालात की दुसऱ्या दिवसापासून ते तुमचा पदर सोडत नाही, कारण नजर हटली की माणूस नाहीसं होतं हे त्याने शिकलेलं असतं. सांगून निघा, रडलं तरी सांगून निघा. पहिला आठवडा हसत गेलेलं मूल दुसऱ्या आठवड्यात रडायला लागतं, हे नेहमीचं आहे. पाळणाघर बदलायची ती वेळ नव्हे. पण तीन-चार आठवड्यांनंतरही खाणं कमी झालं, झोपेत दचकणं वाढलं किंवा एका ठरावीक माणसाचं नाव निघताच मूल आक्रसलं, तर त्याच दिवशी रजा टाकून न सांगता जाऊन बघा.

अंगावरचं दूध काढून ठेवणार असाल तर काढलेलं दूध साध्या खोलीत चार तास आणि फ्रिजमध्ये चार दिवस टिकतं. पुण्यातल्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात मात्र खोलीचा भरवसा धरू नका. बर्फाच्या पिशवीसोबत नेऊन थेट फ्रिजमध्ये. बाटलीवर तारीख-वेळ पट्टी लावून लिहा. कोमट करायचं तर गरम पाण्याच्या भांड्यात बाटली ठेवून. मायक्रोवेव्हमध्ये नाही, दूध मधेच चटका बसेल इतकं तापतं. बाळाने तोंड लावून उरवलेलं दूध दोन तासांनंतर टाकून द्यायचं, हे काकूंना आधीच सांगा, नाहीतर वाया जाऊ नये म्हणून ते संध्याकाळी पुन्हा पाजलं जातं.

पिशवीत कपड्यांचे तीन जोड, एक जुनी मऊ चादर, डब्याच्या झाकणावर आणि डब्यावरही नाव. एका कागदावर दोन्ही पालकांचे नंबर, डॉक्टरांचा नंबर, ॲलर्जी, आणि मुलाला घेऊन जाऊ शकतील अशा माणसांची नावं फोटोसकट. या यादीबाहेरच्या कुणाच्याही हाती मूल द्यायचं नाही, मग तो सख्खा मामा का असेना. औषध तुमच्या चिठ्ठीशिवाय नाही. ताप असलेलं मूल नेऊ नका. औषधाशिवाय चोवीस तास ताप नसला की मगच.

तीन ते सहा: बालवाडी आणि अंगणवाडी

शिक्षण हक्क कायदा सहा वर्षांपासून लागू होतो. त्याखालच्या खेळवाडी, नर्सरी, छोटा शिशू, मोठा शिशू यांना त्याचं कवच नाही, त्यामुळे दर्जात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. तीन वर्षांच्या मुलाला गृहपाठाची वही देणारी शाळा टाळा. या वयात माती, पाणी, गोष्ट आणि धावायला जागा यांपलीकडे काही लागत नाही. आणि नर्सरीचा वेळ अडीच-तीन तासांचाच असतो. तिला पाळणाघर समजू नका.

अंगणवाडीचंही तेच. सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठीची ही सरकारी सोय. पूरक आहार, वजन-उंचीची नोंद, लसीकरणाला मदत आणि तीन वर्षांवरच्या मुलांना पूर्वशिक्षण, सगळं मोफत. नव्याने आलेल्या गर्भवतीनेही तिथे नाव नोंदवावं. सोसायटीतले लोक अंगणवाडीकडे बघतच नाहीत. घरकाम करणाऱ्या मावशींना विचारा, त्यांना जवळची अंगणवाडी आणि सेविकेचं नाव दोन्ही ठाऊक असतं.

वयाचा हिशोब आधी करा

महाराष्ट्रात ३१ डिसेंबर ही तारीख धरतात: प्रवेशाच्या वर्षी त्या तारखेला तीन पूर्ण असतील तर नर्सरी, सहा पूर्ण असतील तर पहिली. केंद्रीय विद्यालय ३१ मार्च धरतं. समजा मूल १० ऑगस्ट २०२० चं आहे. राज्याच्या हिशोबाने ते जून २०२६ च्या पहिलीत बसतं. केंद्रीय विद्यालयात ३१ मार्च २०२६ ला त्याचे सहा पूर्ण नाहीत, म्हणून एप्रिल २०२७. एकाच मुलाचं एक वर्ष इकडे-तिकडे. वडिलांची नोकरी बदलीची असेल आणि पुढे दुसऱ्या राज्यात जायचं असेल तर उशिराचा वर्ग घ्या. लवकर बसवलेलं मूल दुसरीकडे वयात न बसल्याने अडतं. खासगी सीबीएसई शाळांनी कोणती तारीख धरली आहे ते त्या शाळेतच विचारा.

राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्यावर सुरू होतात, सीबीएसईच्या बहुतेक एप्रिलमध्ये. पण नर्सरीचे अर्ज आधीच्या दिवाळीच्या आसपास निघायला लागतात. मे महिन्यात पुण्यात येऊन जूनची नर्सरी शोधणाऱ्याला उरलेल्या जागांतून निवडावं लागतं.

कोणती शाळा

मराठी माध्यमाचा विचार न करताच तो सोडून देऊ नका. पुण्यात या माध्यमात नूमवि (नूतन मराठी विद्यालय), १८८४ मध्ये सुरू झालेली मुलींची हुजूरपागा यांसारख्या जुन्या शाळा आहेत आणि अक्षरनंदनसारखी कृतीतून शिकवणारी शाळाही आहे. बऱ्याच मराठी शाळांत ‘सेमी’ असते: गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून. सेमी काही ठिकाणी पहिलीपासून, काही ठिकाणी पाचवीपासून, काही ठिकाणी आठवीपासून सुरू होते, तेव्हा नुसतं ‘सेमी आहे’ यावर समाधान मानू नका. ज्यांच्या घरी मराठी आहे आणि मूल इथेच वाढणार आहे, त्यांना सेमी हा आम्हाला सगळ्यात सोयीचा मार्ग वाटतो. घराजवळ मिळतो, फी आवाक्यात राहते, आणि मुलाची आजी त्याचा अभ्यास घेऊ शकते.

महापालिकेच्या शाळाही बघून या. मराठीसोबत इंग्रजी आणि उर्दू माध्यमही आहे. सहकारनगरजवळ शिवदर्शनमधलं राजीव गांधी ई-लर्निंग स्कूल महापालिकेचंच. शाळागणिक फरक मोठा असतो आणि तो मुख्याध्यापकांवर अवलंबून असतो. मधल्या सुट्टीत अर्धा तास फाटकाशी उभं राहिलं की बरंच कळतं. तुमचं घर नेमकं कुणाच्या हद्दीत आहे तेही बघा. वाघोली २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली, हिंजवडी-माण हा मुळशी तालुका, तिथली सरकारी शाळा जिल्हा परिषदेची, वाकड पिंपरी-चिंचवडमध्ये. चुकीच्या कार्यालयात तीन हेलपाटे घातल्यावर हे कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

केंद्रीय विद्यालयाची फी कमी आणि बदलीत सोय मोठी, पण पहिला हक्क बदलीच्या नोकरीतल्या केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचा. खासगी नोकरी असेल तर अर्ज जरूर भरा, भरवशावर बसू नका.

परराज्यातून येणाऱ्यांनी एक पक्कं लक्षात ठेवावं: २०२० च्या कायद्याने पहिली ते दहावी सर्व मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणं सक्तीचं आहे, न शिकवणाऱ्या शाळेला एक लाख रुपयांपर्यंत दंड. मूल पाचवी-सहावीत येत असेल तर शाळा सुरू होण्याआधी दोन महिने घरी बाराखडी सुरू करा. हिंदी वाचणाऱ्या मुलाला लिपी ओळखीची असते. त्याला ‘ळ’ आणि जोडाक्षरातला अर्धा ‘र्‍’ नवा, उदाहरणार्थ ‘दुसऱ्या’ मधला, आणि ‘च’, ‘ज’, ‘झ’ चे दोन दोन उच्चार. खरा गोंधळ तीन लिंगांचा. त्याला वेळ द्यावा लागतो.

मान्यता तपासा

फलकावर ‘सीबीएसई पॅटर्न’ लिहिलं असेल तर ती सीबीएसईची शाळा नव्हे. संलग्न शाळेला संलग्नता क्रमांक असतो आणि तो मंडळाच्या संकेतस्थळावर शोधता येतो. कोणत्याही मान्यताप्राप्त शाळेचा अकरा अंकी यू-डायस क्रमांक असतो, महाराष्ट्रात तो २७ ने सुरू होतो. मागा आणि तपासा. मान्यता कोणत्या इयत्तेपर्यंत आहे हे त्याहून महत्त्वाचं. चौथीपर्यंत मान्यता असलेली शाळा ‘पुढचे वर्ग प्रस्तावित’ म्हणून पाचवी सुरू करते, आणि त्या मुलांचे दाखले पुढे अडतात. शिक्षण विभाग अनधिकृत शाळांची यादी वेळोवेळी जाहीर करतो. फी भरण्याआधी ती चाळा.

आरटीईच्या २५ टक्के जागा

आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा. त्याप्रमाणे खासगी विनाअनुदानित शाळांत (अल्पसंख्याक शाळा वगळून) प्रवेशाच्या पहिल्या वर्गात २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी असतात. आठवीपर्यंत फी नाही. आर्थिक दुर्बल गटाला वार्षिक उत्पन्न एक लाखापर्यंत ही अट आहे. अनुसूचित जाती-जमाती, भटक्या-विमुक्त, इतर मागासवर्ग आणि दिव्यांग मुलांना उत्पन्नाची अट नाही. सरकारी शाळा जवळ असेल तर खासगी शाळेला यातून सूट, असा बदल २०२४ मध्ये झाला होता. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. जुने संदेश मात्र व्हॉट्सॲपवर अजून फिरतात, त्यावर विसंबून अर्ज सोडून देऊ नका.

अर्ज ऑनलाइन आणि मोफत. दहापर्यंत शाळा निवडता येतात, मग सोडत. आधी एक किलोमीटरच्या आतले, नंतर तीन किलोमीटरपर्यंतचे. अर्ज तीन जागी बुडतात.

पहिली जागा नकाशा. अर्जात घराची खूण स्वतः लावायची असते. सायबर कॅफेत बसून भरताना खूण कॅफेवरच राहते, किंवा शाळा जवळ यावी म्हणून मुद्दाम सरकवली जाते. पडताळणीत पत्ता जुळला नाही की मिळालेला प्रवेश रद्द. अर्ज घरात बसून, मोबाइलचं ठिकाण चालू ठेवून भरा.

दुसरी जागा भाडेकरार. नव्याने आलेल्यांचा नेमका इथेच घात होतो. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी झालेला, किमान अकरा महिन्यांचा, अर्जाच्या आधीच्या तारखेचा करार लागतो. नोटरी केलेला चालत नाही. घरमालक पैसे वाचवायला ‘नोटरी पुरे’ म्हणतात. घर घेतानाच नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्सचा आग्रह धरा. ऑनलाइन नोंदणी करून देणारे एजंट घरी येऊन अंगठे घेतात.

तिसरी जागा जातीचा दाखला: परराज्यातला चालत नाही. आणि सोडत झाल्यावर मोबाइलवरच्या संदेशाची वाट बघत बसू नका, तो न आल्याने जागा गेलेली कुटुंबं दर वर्षी निघतात. संकेतस्थळावर अर्ज क्रमांक टाकून स्वतः बघा.

कागद

जन्मदाखल्यात मुलाचं नाव आहे का बघा. प्रसूतीनंतर घाईत काढलेल्या दाखल्यात ती ओळ रिकामी असते. पहिल्या वर्षात नाव विनामूल्य घालता येतं, पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. पण मूल जिथे जन्मलं त्याच कार्यालयात. लातूरला जन्मलेल्या मुलाचं काम पुण्यात होत नाही, म्हणून निघण्याआधीच उरका. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशासाठी जन्मदाखलाच वयाचा पुरावा आहे.

मग आधार. मूल पाच वर्षांचं झालं की बोटांचे ठसे देऊन ते अद्ययावत करावं लागतं. जन्मदाखला आणि आधार यांवरचं नाव अक्षर न् अक्षर एक ठेवा. एकावर ‘श्रेया’ आणि दुसऱ्यावर ‘श्रीया’, एकावर मधलं नाव आहे, दुसऱ्यावर नाही. शाळेच्या ऑनलाइन नोंदीत ते मूल जुळत नाही आणि लिपिक दर महिन्याला तुम्हाला फोन करतो. आधार नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, पण कटकट टळत नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये नाव, जन्मतारीख, जन्मगाव, जात ही नोंद होते तेव्हा शेजारी उभं राहून वाचा. दहावीच्या दाखल्यावर हेच उतरतं, आणि शाळा सोडल्यावर दुरुस्तीसाठी शिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत जावं लागतं.

वर्षाच्या मध्येच आला असाल तर जुन्या शाळेचा दाखला, गुणपत्रक आणि यू-डायसमधला मुलाचा कायम क्रमांक घेऊन या. परराज्यातला दाखला तिथल्या शिक्षणाधिकाऱ्यांच्या प्रतिस्वाक्षरीसकट आणा. नंतर त्या एका सहीसाठी दोन दिवसांचा रेल्वे प्रवास होतो. जुनी शाळा दाखला द्यायला रेंगाळत असली तरी आठवीपर्यंतच्या मुलाला नव्या शाळेने त्या कारणावरून थांबवायचं नसतं, कायदा तसं स्पष्ट सांगतो. नववी-दहावीत मात्र मंडळ बदलायच्या भानगडीत पडू नका. बदलायचंच तर आठवीआधी.

फी आणि डोनेशन

शाळेने जाहीर केलेल्या फीशिवाय कोणतीही देणगी मागणं आणि प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची परीक्षा-मुलाखत घेणं शिक्षण हक्क कायद्यात बसत नाही. देणगीला तिच्या दहापटीपर्यंत, मुलाखतीला पहिल्या वेळी पंचवीस हजार आणि पुढे प्रत्येक वेळी पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. शाळा मुलाखतीला ‘गप्पा’ म्हणतात, तेव्हा वाद घालण्यात अर्थ नाही. पण प्रत्येक रुपयाची पावती घ्या. ‘पावती नंतर’ म्हटलं की पैसेही नंतर.

राज्याच्या २०११ च्या शुल्क कायद्याप्रमाणे फी पालकांचा सहभाग असलेल्या कार्यकारी समितीसमोर ठरते आणि ठरली की दोन वर्षं तीच. समितीत पालक सोडतीने येतात, नाव द्या. फीशिवायचा खर्च वेगळा काढा: वाहन, गणवेश, पुस्तकं, सहल, स्नेहसंमेलन. फीच्या कागदावर न दिसणारा हा आकडा जुन्या पालकांकडून एका चहात कळतो.

व्हॅन

शाळेच्या बसपेक्षा व्हॅनकाका सोयीचे, कारण ते मुलाला थेट पाळणाघराच्या दारात सोडतात. गाडी पिवळी आणि शालेय परवान्याची आहे का, विम्याची मुदत, अग्निशामक, प्रथमोपचार पेटी आणि मुलींसाठी महिला मदतनीस हे बघा. आसनं किती आणि मुलं किती ते सकाळी फाटकावर उभं राहून मोजा. घरी सांगितलेला आकडा आणि फाटकावरचा आकडा क्वचित जुळतो. व्हॅनकाका, शाळा, पाळणाघर आणि दोन्ही पालक यांचा एक ग्रुप करा आणि त्यात रोज दोनच संदेश: ‘घेतलं’, ‘सोडलं’. मूल आज येणार नाही हे तुम्ही शाळेला कळवता, काकांना कळवत नाही, आणि ते दहा मिनिटं हॉर्न वाजवत उभे राहतात. त्या गाडीतली बाकीची मुलं मग उशिरा पोचतात.

पहिल्या वर्षाचे अवघड दिवस

कॅलेंडर घ्या आणि शाळा बंद पण ऑफिस सुरू असे दिवस आत्ताच खुणावून ठेवा. शाळा सुरू होऊन थोडेच दिवस होतात तोच ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात; रस्ते बंद होतात आणि मार्गावरच्या शाळांना सुट्टी मिळते. पुढे गणपती, अनंत चतुर्दशीला पेठांतून वाट काढणं अशक्य; मग दिवाळीच्या दोन-अडीच आठवड्यांच्या सुट्टीत घरगुती पाळणाघरही चार-पाच दिवस बंद. जुलै-ऑगस्टमध्ये जोराच्या पावसाने सकाळी साडेसहाला सुट्टीचा संदेश येतो. या प्रत्येक दिवसासमोर कुणाचं तरी नाव लिहा: आजी येणार, बाबा घरून काम करणार, समोरच्या वहिनी. एकाच नावावर दोनपेक्षा जास्त दिवस टाकू नका, आणि समोरच्या वहिनींच्या मुलांना घेण्याचा एक दिवस आपल्या नावावर घ्या.